मुळं तपासून पाहिली

१४ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी.

आजपासून रोजनिशी. उतार समितीच्या अध्यक्षाने लेखी नोंद ठेवलीच पाहिजे. भीती वाटते म्हणून लिहायला बसलो असा काही भाग नाही.

स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीपासून टेकडीचा पायथा साडेचार मीटर. टेप लावून मोजलं. काल मोजलं तेव्हाही साडेचारच होतं. म्हणजे टेकडी जागेवर आहे.

गेल्या फेब्रुवारीत पलीकडच्या गावचा डोंगर खाली आला. सात घरं. मी चिखल उपसायला गेलो होतो. त्याबद्दल इथे काही लिहिणार नाही.

आमच्या उतारावर आता वाळा आहे. तीनशे चाळीस ठोंब, मार्चमध्ये लावलेले. जिल्ह्याचा आधीचा बेत सगळ्या उताराला सिमेंटचा लेप मारायचा होता. मी भर सभेत उठून सांगितलं की सिमेंट म्हणजे भट्ट्यांचा धूर, छत्तीस ट्रक आणि डोंगराचं तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मशिदीमागच्या उताराला तीन वर्षांपूर्वी तो लेप दिला, आतलं पाणी बाहेर पडेना, आता तो पोट सुटल्यासारखा पुढे आलाय. टाळ्या पडल्या. मुद्दे जिल्ह्याच्या इंजिनिअर बाईंचे, बू लिस्तियानींचे होते. पण आवाज माझा होता.

त्यांची योजना अशी: जिथे चढ जास्त तिथे मातीत लोखंडी सळया, वरून काथ्याची जाळी, पाणी बाहेर पडायला पाइप आणि सगळीकडे वाळा. जाळी दोन-तीन वर्षांत कुजून माती होईल, तोवर मुळांनी डोंगर धरलेला असेल. आमच्या घरामागे मात्र मी सळया मारू दिल्या नाहीत. लोखंड करायला किती कोळसा जाळावा लागतो, हे मी त्यांना सुनावलं. ते ड्रिलिंग मशीन चालू झालं की स्वयंपाकघरातली भांडी वाजायची आणि मी रस्त्यावर जाऊन उभा राहायचो, हा भाग वेगळा. बू लिस्तियानी म्हणाल्या, ठीक आहे, पण मग इथे सगळी भिस्त गवतावर. दोन वर्षं त्याला कुणी हात लावायचा नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार.

काल दुपारपासून पाऊस. इमास, म्हणजे आमच्या सौ., म्हणाली की फेब्रुवारीपर्यंत खाली भातशेतांकडे तिच्या बहिणीच्या घरी राहायला जाऊ. सपाट जमीन आहे. आमच्या मुलीची, रेस्तीची शाळाही तिथून जवळ पडेल.

मी शांतपणे समजावलं. अध्यक्षच घर सोडून गेला तर गावात घबराट होईल. आपलं घर हाच गवताच्या पद्धतीचा पुरावा आहे. सासूबाई, ज्यांना सगळं गाव एमाक म्हणतं, टेम्पे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, तळत होत्या. झारा न थांबवता म्हणाल्या, "जावईबापू, पुरावा आम्ही कशाला व्हायचं?"

एक तुकडा उचलून खाल्ला. वयाचा मान राखला.

झोपताना बूट घालतोय. पायांना गारठा लागतो.

१९ नोव्हेंबर, मंगळवार.

सकाळी उतारावर गेलो. पाती हिरवीगार, छातीला लागतील एवढी. पण पात्यांवर काय विश्वास ठेवायचा? काम मुळांचं. मुळं दिसत नाहीत.

आमच्या गावात तीन पिढ्या वाळा लावतात तो मुळांसाठी. वर्षाने उपटायचा, भट्टीत घालायचा, अत्तराचं तेल काढायचं. मूळ हातात आल्याशिवाय त्याच्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही, ही इथली रीत. माझे वडील नुसत्या ठोंबाच्या वजनावरून सांगायचे, यातून इतकं तेल निघेल. बू लिस्तियानी शहरातल्या. त्यांना वाळा पुस्तकातून माहीत.

तेव्हा एक ठोंब उपटला. फक्त एक. स्वयंपाकघराच्या बरोबर वरचा. आधी कुदळीने हलकेच डुलवायचा, मग श्वास सोडता सोडता ओढायचा, वडिलांनी शिकवलं होतं तसं. मूळ एक मीटर दहा. पांढरं, चिवट, वासाला उत्तम. डोळ्यांत पाणी आलं, का ते माहीत नाही. परत तिथेच लावला, पायाने माती दाबली. ठोंबालाही कळलं नसेल.

आठ दिवसांत पहिल्यांदा झोप लागली.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार.

दोन दिवस संततधार. मंगळवारचं समाधान ओसरलं. एक ठोंब म्हणजे एकच ठोंब, त्यावरून सगळ्या उताराचं कसं ठरवायचं? शास्त्रीय पद्धतीने आणखी तीन पाहिले. तिन्ही घट्ट. खूप बरं वाटलं.

वळणावर हाजी सोमादची तेलाची भट्टी आहे. तो धुराड्याजवळच्या माचीवर उभा होता. वरून ओरडला, काय अध्यक्ष, तेल काढायला निघालात वाटतं? मी म्हटलं, पाहणी चालू आहे. तो म्हणाला, पाहणी असेल तर चांगलंच, मला मात्र बारा महिन्यांचं मूळ लागतं, आठ महिन्यांचं भट्टीत घालून काय तुमचं तोंड बघू?

याच्या मनात काय आहे? आपल्या मुळांचं वय याला बरोबर पाठ आहे. गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नोटीस टाकली: उतारावरच्या वाळ्याला कुणीही हात लावू नये. आदेशावरून, अध्यक्ष.

२६ नोव्हेंबर, मंगळवार.

आणखी सहा. एकूण दहा. बास. आता पाहणी बंद. शब्द.

२८ नोव्हेंबर, गुरुवार.

बू लिस्तियानींचा फोन. गवत कसं आहे? म्हटलं, उत्कृष्ट, मुळं सव्वा मीटरच्या वर. त्यांनी विचारलं, कसं कळलं? म्हटलं, अंदाज. त्यांनी तो शब्द पुन्हा उच्चारला: अंदाज. मग हळू आवाजात, लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं की मातीला धरतात ती मुळांवरची केसांसारखी तुसं. ठोंब एकदा उपटला की ती तुटतात, परत खोचला तर तो नुसता खोचलेला असतो, धरलेला नसतो. आणि उपटल्याने झालेल्या भोकातून पाणी आत शिरतं. हात लावू नका, पाक एंजांग, असं माझं नाव घेऊन म्हणाल्या. कुणालाही लावू देऊ नका.

नोंद घेतली. सूचना सर्वसामान्य लोकांसाठी योग्य आहे.

आज फक्त पाच पाहिले.

३ डिसेंबर, मंगळवार.

नवी युक्ती. खिडकीत पाण्याने काठोकाठ भरलेला ग्लास. जमीन हलली की पाणी सांडणार.

दुपारी सांडलं. मी सगळ्यांना पावसात बाहेर काढलं. रेस्ती वही डोक्यावर धरून, इमास ओल्या केसांनी, एमाक हातात मिरच्यांचा खलबत्ता घेऊन. दहा मिनिटं अंगणात उभे. मग वळणावरून हाजी सोमादचा ट्रक परत आला आणि जमीन पुन्हा तशीच थरथरली.

मी घड्याळ बघून जाहीर केलं की सराव यशस्वी, वेळ चाळीस सेकंद. एमाक खिडकीपाशी गेल्या. त्यांनी तो ग्लास उचलला आणि पिऊन टाकला.

६ डिसेंबर, शुक्रवार.

भिंत ते पायथा: चार मीटर अडतीस. टेप भिजून आखडली असणार.

७ डिसेंबर, शनिवार.

नवी टेप आणली. चार मीटर छत्तीस. हल्ली कसलाच माल धड मिळत नाही.

८ डिसेंबर, रविवार.

वरच्या बाजूला, सगळ्यात वरच्या ओळीच्याही वर, भेग. बोट जाईल एवढी. लांबी मोजली नाही. मोजायला पाय पुढे जाईनात. निसरडं होतं म्हणून.

माती भरून बुजवली, वर काथ्याच्या जाळीचा तुकडा टाकला. उगाच लोक बघायचे आणि बोभाटा करायचे. बू लिस्तियानींना कळवायला हवं. महिनाअखेरच्या रिपोर्टमध्ये सविस्तर कळवीन. घाईत कळवलं की चुका होतात.

खाली येताना बारा ठोंब पाहिले. घट्ट होते. पहिल्यासारखे नाहीत, पण घट्ट.

१२ डिसेंबर, गुरुवार.

आज एकोणीस. नोंद राहून गेलेले धरून एकूण चौऱ्याहत्तर. सगळे आमच्याच घराच्या वरचे. समितीच्या दृष्टीने सगळा उतार सारखाच, पण सुरुवात कुठून तरी करावी लागते.

खरं लिहायचं तर सकाळी चहा घेतला की हात शिवशिवतात. पाऊस वाजायला लागला की छातीत धडधड होते, आणि मूळ हातात आलं की ती थांबते. पुन्हा लावलं की तासाभरात पुन्हा सुरू. बहुतेक ॲसिडिटी.

पाहून झालेले ठोंब पिवळे पडलेत. इमासने विचारलं, शेजाऱ्यांच्या घरामागचं गवत हिरवं आणि आपल्याच मागचं का पिवळं? म्हटलं, ऊन. ती आभाळाकडे बघत राहिली. अकरा दिवस सूर्य दिसलेला नाही.

१५ डिसेंबर, रविवार.

इमास गेली. भाताचं पातेलं, रेस्तीचं दप्तर, एमाकची नमाजाची चटई आणि एमाक, सगळं रिक्षात घातलं. दारात थांबून म्हणाली, "अहो, भीती वाटते असं एकदा म्हणा. मी थांबते, आपण मिळून काय ते ठरवू. नाही म्हणालात तर मी चालले."

मी म्हटलं की घाबरण्याला शास्त्रीय आधार नाही.

एमाकने केळीच्या पानात बांधलेला भात हातात दिला. खाऊन घ्या म्हणाल्या. आणि बूट घालूनच झोपा, तुम्ही झोपता ते मला ठाऊक आहे.

घर मोठं वाटतंय. प्रत्येक आवाज मागूनच येतो.

१७ डिसेंबर, मंगळवार. मेहुणीच्या घरी.

कालची नोंद आज लिहितो आहे.

काल दुपारपर्यंत घरात होतो. तीन-साडेतीनला मागच्या पाइपातून येणारं पाणी थांबलं. पाऊस चालू आणि पाइप कोरडा. पाणी आत अडलंय, हे कळायला इंजिनिअर लागत नाही. मी वर गेलो, मनाची खात्री करायला. आठवा ठोंब धरला तर ओढावाच लागला नाही. आपणहून हातात आला, त्याच्याभोवतीची माती ताकासारखी.

तिथून निघालो. व्यापक दृष्टीने निरीक्षण करता यावं म्हणून दूर जाणं आवश्यक होतं. लुंगी वर धरून वळणापर्यंत पोचलो असेन, तेव्हा आवाज झाला. आवाजाचं वर्णन करणार नाही. फेब्रुवारीत गेलो होतो तिथल्या लोकांनी सांगितलं होतं, आणि तो तसाच होता.

स्वयंपाकघर गेलं. मोरी गेली. निजायची खोली अर्धी. जिथे एमाक दिवसभर तळण काढत बसतात तिथे आता छपराएवढी माती.

कुणालाही काही झालं नाही. इमास आवाज ऐकून बहिणीच्या घरून रस्त्यावर पळत आली आणि तिने माझा हात घट्ट धरला. माझ्या दुसऱ्या हातात तो ठोंब अजून होता. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

१९ डिसेंबर, गुरुवार.

बू लिस्तियानी आल्या. गमबूट घालून सगळा उतार पायाखाली घातला. सळया होत्या तिथे माती हललेली नाही. नुसतं गवत होतं तिथेही, शेजाऱ्यांच्या मागे, जाळीचा धागा तुटलेला नाही. घसरला तो फक्त अकरा मीटर रुंदीचा तुकडा, बरोबर आमच्या मागचा.

त्या ढिगाऱ्याजवळ उकिडव्या बसल्या आणि ठोंब उचलून मुळं निरखत राहिल्या. मग उभं राहून सगळ्यांसमोर म्हणाल्या, इथे कुणीतरी आधीच मुळं उपटली होती. बरीच.

जमलेल्या लोकांनी हाजी सोमादकडे पाहिलं. मीही पाहिलं. बघणं म्हणजे आरोप नव्हे.

२० डिसेंबर, शुक्रवार.

जुम्म्याच्या नमाजानंतर हाजी सोमादच्या शेजारी कुणी बसलं नाही. कुणीतरी त्याच्या भट्टीच्या दारावर शेण फेकलं. त्याच्या बायकोला दुकानात भाजी दिली नाही म्हणतात.

आणि दुसरी भानगड. जिल्ह्याच्या ऑफिसात आता म्हणताहेत, बघा, गवताने डोंगर धरत नाही, आणा सिमेंट. सगळ्या उताराला. बू लिस्तियानींना सोमवारी रिपोर्ट द्यायचाय. कारण सापडलं नाही तर गवत फसलं असंच लिहावं लागेल. हे सांगताना त्यांचा आवाज बसला होता. पाच वर्षं त्या या एका गोष्टीसाठी ऑफिसात भांडताहेत.

गावाने चौकशी समिती नेमली. चोर शोधायचा. प्रमुख: मी. निःपक्षपातीपणे काम करायचं ठरवलंय.

जेवण गेलं नाही.

२२ डिसेंबर, रविवार.

चौकशीसाठी हाजी सोमादच्या गोदामात गेलो. सगळी मुळं वर्षाची, वाळलेली, एकही ओलं नाही. मी उगाच प्रत्येक गठ्ठा हलवून पाहिला. तो आल्याचा गरम काढा घेऊन आला. मी एक घोट घेतला, तो म्हणाला:

"पाक एंजांग, मी रोज माचीवर असायचो. तुमच्या वडिलांसारखा हात आहे तुमचा, एक मूळ तुटत नाही. मला वाटलं समितीचा नियमच असेल, अध्यक्षाने उपटून बघायचं. घर गेलं तेव्हा कळलं, नियम नव्हता."

मी विचारलं, मग परवा बोलला का नाहीस? शेण फेकलं लोकांनी.

"तुमचं अर्धं घर मातीखाली. त्यावर मी काय बोलणार? म्हटलं, तुम्हीच बोलाल."

चौकशी तहकूब.

२३ डिसेंबर, सोमवार.

शाळेच्या हॉलमध्ये सभा. मी भाषण लिहून नेलं होतं, अकरा मुद्दे. पहिला मुद्दा पावसाच्या बदलत्या स्वरूपावर. उभा राहिलो. समोर बू लिस्तियानी पेन उघडून बसलेल्या. मागच्या बाकावर हाजी सोमाद एकटा. पुढच्या बाकावर इमास.

कागद दुमडला.

म्हटलं, "मी उपटले. ब्याऐंशी. वरची भेगही मीच बुजवली. टेकडी येईल असं रोज वाटायचं, आणि मूळ हातात घेतलं की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं."

टाळ्या पडल्या नाहीत. मागे कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. मी अजून उभाच होतो, कारण असं बोलून झाल्यावर काय करायचं असतं ते मला माहीत नव्हतं. शेवटी एमाक म्हणाल्या, बसा आता, जावईबापू.

बू लिस्तियानींनी रिपोर्टमध्ये एक ओळ लिहिली. वाचून दाखवली नाही. फक्त म्हणाल्या, गवत फसलेलं नाही. मग रुमालाने चष्मा पुसत बसल्या.

बाहेर पडताना लोक हाजी सोमादला हात मिळवायला गेले. तो सगळ्यांना हात देत होता. मी रांगेत शेवटी उभा राहिलो. माझी पाळी आली तेव्हा त्याने हात दिला, पण दुसरीकडे बघत.

११ जानेवारी, शनिवार.

सिमेंट रद्द. आमच्या मागे सळया मारून झाल्या. मशीन तीन दिवस चाललं. मी तिन्ही दिवस कानांवर हात ठेवून समोर उभा राहिलो. काल नवी जाळी अंथरली, आज नवे ठोंब लागले. घराचा उरलेला भाग पाडून पुढे, रस्त्याच्या कडेला दोन खोल्या उभ्या राहताहेत.

उतार समितीची बैठक झाली. अध्यक्षपद माझ्याकडेच ठेवलं, दुसरं कुणी घ्यायला तयार नाही म्हणून. एकच ठराव: उताराभोवती दोरी बांधावी आणि अध्यक्षांनी दोरीच्या आत पाऊल टाकू नये. एकमताने मंजूर. अनुमोदन माझंच होतं. देखरेखीचं काम एमाककडे. त्या प्लास्टिकची खुर्ची आणि छत्री घेऊन दोरीजवळ बसतात.

दुपारपासून पाऊस. भीती वाटते. नव्या ठोंबांना मुळं फुटली की नाही, कळायला मार्ग नाही. तासभर दोरीपाशी घुटमळलो. शेवटी एमाकना हळूच म्हटलं, मी नाही हात लावत, पण तुम्ही एक, अगदी कडेचा एकच ठोंब, जरा हलवून बघता का?

त्या उठल्या. खुर्ची उचलून फिरवली आणि परत बसल्या. आता त्यांची पाठ टेकडीकडे आहे आणि तोंड माझ्याकडे.